कॉलेजच्या बॅचचा दहा वर्षांनंतरचा मेळावा: यादी आधी, ग्रुप शेवटी

दहा वर्षांनी बॅच एकत्र आणायची म्हटलं की सांगली-मिरजेत काम बहुतेक एकाच क्रमानं बिघडतं. रात्री अकराला कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुप काढतं. दोन दिवसांत पन्नास जण येतात, आठवडाभर जुने फोटो पडतात, मग तारखेवर वाद होतो. पुण्याचे म्हणतात पुण्यात घ्या, गावाकडचे म्हणतात आमची द्राक्षं काढणीला आलीत. तीन आठवड्यांत ग्रुपवर फक्त शुभ सकाळ उरते. ज्या मुली लग्न होऊन दुसरीकडे गेल्या, त्यातल्या निम्म्यांना हे सगळं झाल्याचंही कळत नाही.

इथे हाच क्रम उलटा केला आहे. आधी यादी, मग तारीख, मग पैसे, मग हॉल आणि सगळ्यात शेवटी ग्रुप. हिशेब साठ-सत्तर जणांच्या वर्गाचा आणि सांगलीत होणाऱ्या एका दिवसाच्या मेळाव्याचा धरला आहे. हातात किमान चार महिने हवेत.

## टप्पा १: पाच जणांची समिती (१२० दिवस आधी)

समिती पाचांचीच ठेवा. सात झाले की प्रत्येक निर्णयाला मतदान लागतं. तीन असले आणि त्यातला एक आजारी पडला की काम थांबतं. निवड मैत्रीवर करू नका, कोण कुठल्या गोटातला आहे ते पाहून करा:

- दोघं सांगली-मिरजेत राहणारे. मंगल कार्यालय पाहणं, आचाऱ्याशी बोलणं, कॉलेजात पत्र देणं ही कामं फोनवर होत नाहीत.
- एक पुण्याचा, कारण बॅचचा मोठा गठ्ठा तिकडेच असतो.
- एक होस्टेलवर राहिलेला.
- एक एस.टी.चा पास काढून तासगाव, पलूस, आष्टा, विटा या बाजूनं रोज येणारा.

या पाचांत निदान दोघी मुली हव्यातच. एकही नसेल तर पुढचा दुसरा टप्पा अर्धाच होतो, हे लिहून ठेवा.

हिशेब ज्याच्याकडे द्याल तो बॅचचा लाडका नसला तरी चालेल. उलट, ज्याला मित्राकडे दोनदा पैसे मागताना लाज वाटत नाही असा माणूस तिथे हवा.

## टप्पा २: यादी (१२० ते ९० दिवस आधी)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मेळावा फसतो तो जेवणामुळे नाही, 'मला कुणी सांगितलंच नाही' या वाक्यामुळे फसतो.

आधी बॅच म्हणजे कोण ते ठरवा. २०१६ ला बाहेर पडलेले, की २०१२ ला प्रवेश घेतलेले? ही एकच यादी नव्हे, दोन वेगळ्या याद्या आहेत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले पहिल्या वर्षाच्या हजेरीत सापडत नाहीत. ज्यांचं वर्ष मागे राहिलं ते शेवटच्या वर्षाच्या फोटोत नसतात. दोन्ही घ्या. वर्ष मागे राहिलेला मित्र स्वतःहून कधीच विचारत नाही 'मी येऊ का' म्हणून. त्याला बोलवावंच लागतं.

यादी रोल नंबरानं बनवा, आठवणीनं नको. आठवणीनं केलेल्या यादीत पुढच्या बाकावरचे, मागच्या बाकावरचे आणि भांडखोर एवढेच येतात. मधले गप्प बसणारे वीस जण गळतात. एखाद्याच्या घरी जुनं जर्नल, हजेरीची झेरॉक्स किंवा प्रॅक्टिकलच्या बॅचची यादी हमखास सापडते. ती वहीत उतरवा. रोल नंबर रिकामा दिसला की तिथे कोण होतं हे आपोआप आठवायला लागतं.

शोधायचं काम प्रॅक्टिकलच्या बॅचप्रमाणे वाटा. तीन वर्षं एकाच टेबलावर काम केलेली माणसं एकमेकांच्या घरचं गाव, भावाचं नाव, वडिलांचं दुकान सांगू शकतात. एका माणसाकडे बारा ते पंधराच नावं द्या आणि मुदत पंधरा दिवसांची.

तक्त्यात हे रकाने पुरतात: रोल नंबर, तेव्हाचं नाव, आत्ताचं नाव, गाव, फोन, कुणी संपर्क केला, कधी केला, काय उत्तर आलं. 'तेव्हाचं नाव' हा रकाना सोडू नका. मुलींची आडनावं बदललेली असतात, काहींची पहिली नावंही, आणि फेसबुकवर माहेरच्या नावानं शोधून बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही. अशा वेळी तिच्या त्या काळच्या मैत्रिणीला विचारणं हाच सरळ रस्ता आहे.

जुन्या नंबरांवर विश्वास नको. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि त्याच वर्षी बाहेर पडलेल्या पोरांनी फुकट डेटासाठी नवी सिमं घेतली. पुढे काही कंपन्या बंदच झाल्या. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये टोपणनाव, जुनी चेष्टा, फोटो काहीही नको. तिकडे जतचा कुणी अनोळखी गृहस्थ असू शकतो.

पहिला मेसेज एवढाच असू द्या:

"नमस्कार, मी (पूर्ण नाव), रोल नंबर ३४, तुमच्याच वर्गात होतो. हा नंबर (तिचं किंवा त्याचं पूर्ण नाव) यांचाच आहे ना? आपल्या वर्गाचा मेळावा करतोय, त्याबद्दल बोलायचं होतं. सवडीनं कळवा."

आणि फोन लागला की 'ओळख बघू कोण बोलतंय' हा खेळ नको. दहा वर्षांनी आवाज ओळखता येत नाही आणि समोरचा ओशाळतो. ऑफिसमध्ये असला तर चिडतोसुद्धा.

> सावधान: मुलींना पहिला फोन मुलीनंच करावा. माहेरी फोन करून सासरचा नंबर मागितला तर आधी घरच्यांना कारण सांगा, आणि नंबर घेण्याऐवजी आपला नंबर देऊन निरोप ठेवा. तिला बोलायचं असेल तर ती करेल. कुणाचाही नंबर त्याला न विचारता तिसऱ्याला द्यायचा नाही. जुनी प्रकरणं दहा वर्षांनीही पूर्ण विझलेली नसतात.

वाईट बातमी आधी शोधा. दहा वर्षांत, त्यात कोविडची दोन वर्षं धरली तर, सत्तर जणांच्या वर्गात कुणीतरी गेलेलं असण्याची शक्यता आहे. कुणाचा जोडीदार गेला असेल, कुणाचे आईवडील. ही माहिती तक्त्यात नको. ती समितीतल्या दोघांपुरती वेगळ्या कागदावर ठेवा. मित्र गेला असेल तर त्याच्या घरी एक जण जाऊन या, मेळाव्यात त्याचं नाव घेणार आहोत हे सांगा, फोटो लावायचा का ते विचारा. घरच्यांना ग्रुपवरून कळणं फार वाईट.

तपासा: यादीतले किमान ८० टक्के सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. ७० च्या वर्गात ते ५६ होतात. अडलेली नावं पाचही जणांनी एकत्र बसून पुन्हा वाचली की चार-पाच आणखी निघतात.

## टप्पा ३: तारीख (९० दिवस आधी)

तारीख समितीनं ठरवायची. ग्रुपवर मतदान घेतलं तर सहा तारखांना दहा-दहा मतं पडतात आणि ज्याची तारीख पडली नाही तो रुसतो.

सांगलीच्या वर्षात या कामासाठी मोकळ्या जागा कमीच आहेत.

जानेवारी ते एप्रिल द्राक्षं आणि हळद काढणीला असते, कारखान्यांचा ऊस चालू असतो. बॅचमधले शेती करणारे या दिवसांत यायचेच नाहीत आणि त्यांना 'एक दिवस काढ की' म्हणणं म्हणजे त्यांच्या धंद्याची टिंगल आहे. एप्रिल-मे लग्नसराई, ऊन, वर द्राक्षाची खरडछाटणी. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं काय होईल सांगता येत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला शहरात किती पाणी शिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय. सप्टेंबरात गणपती, मग नवरात्र, आणि त्याच सुमारास द्राक्षाची फळछाटणी.

उरतात दोन जागा.

पहिली: भाऊबीज ते तुळशीचं लग्न. भाऊबीजेला मुली माहेरी येतात, पुण्या-मुंबईचे दिवाळीला घरी असतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी. अडचणी दोन: कॉलेजला दिवाळीची सुट्टी असते म्हणून आत जायला वेगळी परवानगी लागते, आणि परतीची रेल्वे-ट्रॅव्हल्सची तिकिटं मिळत नाहीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घ्या, त्यानंतर मंडळी पांगतात.

दुसरी: धनुर्मास, म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते संक्रांत. यातही बरेच जण लग्न टाळतात, पण काही पंचांगांत मुहूर्त असतात, म्हणून कार्यालय मोकळं आहे का ते आधी विचारा. परदेशातले नाताळच्या सुट्टीत आलेले असतात. हवा चांगली. नाताळच्या आधीचा किंवा लगतचा रविवार उत्तम. ३०-३१ डिसेंबर टाळा, महामार्गावर गोव्याकडे जाणाऱ्यांची रांग असते.

दोन्हींतून निवडायचंच झालं तर डिसेंबर. दिवाळीत घरच्यांचा वेळ चोरून यावं लागतं आणि मुलींना ते सगळ्यात जड जातं.

> तपासा: तारीख नक्की करण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारा, त्या रविवारी एखाद्या स्पर्धा परीक्षेचं केंद्र आहे का. असेल तर फाटकाच्या आत कुणालाच सोडत नाहीत. शिवाय भिंतीवरचं कॅलेंडर उघडून एकादशी, संकष्टी, मार्गशीर्ष पाहा. मटणाचा बेत आणि संकष्टी एकाच दिवशी आली की निम्मं जेवण उरतं.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे तारीख निदान ७५ दिवस आधी सगळ्यांना कळली पाहिजे. मुंबईहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सांगलीत सोडते, तिचीच तिकिटं आधी संपतात. मिरज जंक्शन जेमतेम दहा किलोमीटरवर आहे, त्यामुळे सांगलीचं तिकीट नाही मिळालं तर मिरजेपर्यंतच्या गाड्या पाहायला सांगा.

## टप्पा ४: पैसे (७५ ते ४५ दिवस आधी)

आधी एकच प्रश्न मिटवा: एकटे यायचं की कुटुंबासह? 'ज्याला जसं जमेल तसं' हे उत्तर चालत नाही. तसं म्हटलं की वीस जण जोडीनं येतात आणि ते वीस जोडीदार दिवसभर खुर्चीवर बसून मोबाईल पाहतात. दहा वर्षांच्या मेळाव्याला नवरा-बायको नको, लहान मुलं चालतील, असा नियम ठेवा. या वयात बहुतेकांची मुलं दोन ते सहा वर्षांची असतात. मुलं नको म्हटलं की आया येऊ शकत नाहीत. त्यासाठी कार्यालयातली एक खोली, गाद्या आणि दिवसभरासाठी एक मावशी एवढी सोय पुरते.

आता वर्गणी. सरसकट चूक अशी होते की खर्च भागिले अपेक्षित माणसं असं गणित मांडतात. खर्च दोन प्रकारचे असतात. एक माणसं किती आली तरी तेवढाच राहणारा, दुसरा डोक्यामागे वाढणारा. पद्धत कळावी म्हणून आकडे धरले आहेत, दर तुम्ही तुमचे घाला.

न बदलणारा खर्च: कार्यालय १८,०००, ध्वनी ५,०००, प्रोजेक्टर आणि पडदा ३,०००, सत्कार ४,०००, फलक आणि बिल्ले २,०००, किरकोळ ३,०००. एकूण ३५,०००.

डोक्यामागे: न्याहारी-चहा १२०, जेवण ४००, पाणी ३०, आठवणीची वस्तू १००. एकूण ६५०.

६० जण आले तर ३५,००० ÷ ६० = ५८३, अधिक ६५०, म्हणजे १,२३३ रुपये. ४५ आले तर ७७८ अधिक ६५०, म्हणजे १,४२८. आता समजा १,२३३ नी वर्गणी काढली आणि आले ४५. जमा ५५,४८५, खर्च ६४,२५०. खड्डा ८,७६५ रुपयांचा, आणि तो हिशेब सांभाळणाऱ्याच्या खिशातून जातो. म्हणून वर्गणी नेहमी कमीत कमी आकड्यावर काढायची. इथे ती १,५०० होते. जास्त जण आले तर पैसे उरतील. उरलेल्याचं काय करायचं ते वर्गणी मागतानाच लिहा: परत, की कॉलेजच्या ग्रंथालयाला. नंतर ठरवायला गेलात तर तो वाद पुढचा मेळावा खाऊन टाकतो.

पैसे गोळा करताना:

1. एकाच बचत खात्याचा यूपीआय आयडी द्या. ज्यात रोजचे व्यवहार नाहीत असं खातं घ्या. दुकानाच्या खात्यात घेतलेले पैसे विक्रीत मिसळतात.
2. पाठवताना शेऱ्यात रोल नंबर लिहायला सांगा. 'अमोल' नावाचे वर्गात तीन असतात.
3. परदेशातल्यांनी सांगलीतल्या भावाकडून किंवा वडिलांकडून भरावेत. चलन बदलण्याच्या भानगडीत पडू नका.
4. तक्त्यात नावापुढे रक्कम दाखवू नका, फक्त खूण करा. कुणी कमी दिले, कुणाला माफ केले, कुणी दुप्पट दिले, हे हिशेबवाल्यालाच माहीत हवं. ज्याची खरंच ओढाताण आहे त्याला समितीतल्या जवळच्या एकानं आधीच सांगावं, 'तुझं झालंय, ये फक्त.'

होकार मोजायची आपल्याकडची भाषा ओळखा. 'येतोय की!' म्हणजे अर्धा होकार. 'बघू की' म्हणजे नाही. 'जमतंय काय बघतो' म्हणजे नाहीच, पण तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. पैसे आले म्हणजे माणूस आला. सापडलेले सगळेच पैसे भरतील असं धरू नका.

## टप्पा ५: हॉल आणि जेवण (४५ दिवस आधी)

मुहूर्त नसलेल्या दिवसांत कार्यालय पळून जात नाही. तोंडी तारीख राखून ठेवा आणि वीस जणांचे पैसे जमल्यावर विसार द्या. विश्रामबाग किंवा सांगली-मिरज रस्त्याच्या आसपासची जागा सोयीची, दोन्ही स्टेशनांवरून रिक्षा मिळते. शेतातली जागा फोटोत छान दिसते, पण बाहेरून येणारा निम्मा वेळ लोकेशन विचारत फिरतो आणि सत्तरीच्या सरांना खाचखळग्यातून न्यावं लागतं.

विसार देण्याआधी हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या: बाहेरचा आचारी चालतो की कार्यालयाचंच जेवण घ्यावं लागतं, वीज मीटरप्रमाणे वेगळी का, जनरेटरचं डिझेल कुणाचं, सफाईचे पैसे वेगळे का, किती वाजता चावी आणि किती वाजता जागा रिकामी, जीएसटी धरून की वेगळा. यातला वीज आणि सफाईचा मुद्दा शेवटी भांडण लावतो.

जेवणात फार प्रयोग नकोत. बाहेर राहणाऱ्यांना इकडची चव हवी असते. अख्खा मसूर, भरलं वांगं, ज्वारीची भाकरी, दही, खर्डा, एक गोड आणि ज्यांना चालतं त्यांना मटण. ६० जणांसाठी, त्यातले ४० मांसाहारी धरून, साधारण असं लागतं:

- मटण: माणशी सव्वादोनशे ग्रॅम कच्चं, म्हणजे ९ किलो
- तांदूळ: भाकरी-चपाती असताना माणशी ८० ग्रॅम, म्हणजे ५ किलोच्या आत
- भाकरी माणशी दोन, चपात्या दोन
- पाणी: माणशी अडीच लिटर, म्हणजे २० लिटरचे ८ जार
- चहा: तीन वेळा, ८० मिलीचा कप, म्हणजे १५ लिटरच्या आसपास
- चारच्या चहाबरोबर भडंग: माणशी ५० ग्रॅम, म्हणजे ३ किलो. कांदा-कोथिंबीर वेगळी ठेवा आणि ऐन वेळी घाला, आधी घातली की भडंग मऊ पडतं

शाकाहारी पंगत आणि भांडी पूर्ण वेगळी. शाकाहारी आकडा वर्गणी घेतानाच विचारा. ऐन वेळी हात वर करायला लावून विचारलं तर आकडा चुकतो.

## टप्पा ६: कॉलेज आणि सर-मॅडम (४५ ते १५ दिवस आधी)

प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज: तारीख, वेळ, किती माणसं, किती गाड्या, कुठल्या इमारतीत जायचंय, जबाबदार दोघांची नावं आणि फोन. दोन प्रती न्या. एक आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. 'साहेबांशी बोलणं झालंय' हे रविवारी वॉचमनला चालत नाही, पोच चालते. किल्ल्या ज्या शिपायाकडे असतात त्याला आदल्या दिवशी भेटा. त्याची सुट्टी मोडतेय, त्याचं जेवण आणि मोबदला खर्चात धरा.

शिक्षक तीन ते पाच बोलवा. फोनवर नको, घरी जाऊन बोलवा. निवृत्त झालेले असतील तर आणायला आणि सोडायला गाडी, आणि गाडीत ओळखीचा विद्यार्थी. फक्त हुशार मुलांच्या आवडत्या सरांना बोलवण्याची चूक टाळा. प्रयोगशाळेतले सहायक, ग्रंथालयातले, मेस चालवणाऱ्या मावशी यांतलं एक तरी नाव यादीत हवं. शाल-श्रीफळ त्यांनाही तेवढंच, त्याच खुर्चीवर.

सरांना 'पाच मिनिटंच बोला' असं सांगता येत नाही. त्यापेक्षा सूत्रसंचालकानं एकच प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ, 'सर, आमच्या वर्गाचं पहिलं लेक्चर आठवतं का?' उत्तर आपोआप आटोपशीर येतं. मधुमेह असणाऱ्यांना साडेबाराला जेवायला बसवा, पंगतीची वाट पाहायला लावू नका.

## टप्पा ७: आता ग्रुप (३० दिवस आधी)

पैसे भरलेल्यांचा ग्रुप काढा आणि सेटिंगमध्ये मेसेज फक्त ॲडमिनला पाठवता येतील असं ठेवा. पाच सूचना पुरतात: पत्ता आणि नकाशा, वेळापत्रक, कोण कुणाबरोबर गाडीत, राहायची सोय, हिशेबवाल्याचा नंबर. मेळावा झाल्यावर ग्रुप सगळ्यांना खुला करा. गप्पा तेव्हा रंगतात.

जुने फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका, आकार लहान होऊन पडद्यावर चेहरे विरघळतात. ड्राइव्हची लिंक द्या. आलेला प्रत्येक फोटो एका मुलानं आणि एका मुलीनं पाहायचा, आणि दोघांतल्या एकालाही खटकला तर काढायचा. त्या काळच्या 'जोड्या' असलेले फोटो सरळ बाद. आज त्यातल्या दोघांचे दोन वेगळे संसार आहेत आणि व्हिडिओ घरी पाहिला जाणार आहे.

> सावधान: सूचनेत एक ओळ स्पष्ट लिहा: त्या दिवशी विमा, प्लॉट, गुंतवणूक, चेन मार्केटिंग आणि राजकारण बंद. दारूची बैठक ज्यांना करायची त्यांनी कार्यक्रम संपल्यावर, आपल्या पैशानं, दुसरीकडे. वर्गणीतून एक रुपयाही नाही.

## टप्पा ८: तो दिवस

शेवट पाचला. याचं कारण साधं आहे: सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. पाचला निघालेला रात्री दहा-अकराला घरी पोचतो, सातला निघालेला मध्यरात्री.

- ९:०० कॉलेज. न्याहारीची पाकिटं, बिल्ले. बिल्ल्यावर तेव्हाचं नाव ठसठशीत आणि खाली रोल नंबर. हुद्दा, कंपनी काही नको. अक्षर दोन हातांवरून वाचता आलं पाहिजे. नाव विसरलेल्याची इभ्रत त्या बिल्ल्यावर असते.
- ९:४५ सगळ्यांचा एकत्र फोटो. आधीच काढा. संध्याकाळी काढू म्हटलेला फोटो कधीच पूर्ण होत नाही, दहा जण निघून गेलेले असतात.
- ११:१५ कार्यालय. गेलेल्या मित्राचं नाव घेऊन दोन मिनिटं उभं राहायचं. भाषण नको. मग शिक्षकांचा सत्कार, बाराच्या आत संपवायचा.
- १२:०० ओळख. बहुतेक कार्यक्रम इथेच बसतात. ५५ जण तीन-तीन मिनिटं बोलले तर पावणेतीन तास जातात, जेवण गार होतं. माणशी ४० सेकंद आणि माईक हातात जायला १० सेकंद धरले तर ४६ मिनिटांत होतं. तीनच गोष्टी सांगायच्या: तेव्हाचं नाव, सध्याचं गाव, कॉलेजातली एक गोष्ट. पगार, पद, 'लग्न झालं का', 'मुलं किती' हे प्रश्न सूत्रसंचालकानं विचारायचे नाहीत आणि कुणी विचारले तर माईक पुढे द्यायचा. ज्याची नोकरी गेलीय, जिचा घटस्फोट झालाय, ज्यांना मूल नाही, ते याच पाऊण तासाच्या धास्तीनं येत नाहीत. ही पद्धत आमंत्रणातच लिहिली तर त्यातले काही जण येतात.
- १:०० जेवण. गोल बसायला सांगा आणि टेबलावर रोल नंबर लावा. नाहीतर पुणेकर एकीकडे, गाववाले एकीकडे.
- २:३० ते ४:०० काहीही ठेवू नका. संगीतखुर्ची, अंताक्षरी, बक्षिसं सगळं रद्द. लोक एवढ्या लांबून बोलायला आलेत. स्पीकरचा आवाज या वेळात बंद, नुसता कमी नव्हे.
- ४:०० चहा, भडंग. ज्यांना उशीर चालतो ते हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जाऊ शकतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सव्वापाचला निघायलाच हवं.

आदल्या संध्याकाळी तपासा: दोन कॉर्डलेस माईक आणि जादा सेल, प्रोजेक्टर दिवसाच्या उजेडात दिसतो का (खिडक्यांना पडदे नसतील तर दिसत नाही), जनरेटर एकदा सुरू करून पाहा, औषधांची छोटी पेटी, शिपायाचा फोन, आणलेल्या पोचेची मूळ प्रत. आचाऱ्याला शेवटचा आकडा तीन दिवस आधी द्यायचा, भरलेल्या पैशांच्या ९५ टक्के धरून. पाच टक्के पैसे भरूनही येत नाहीत आणि आचारी थोडं जास्तच करतो.

## टप्पा ९: नंतरचे सात दिवस

हिशेब सात दिवसांत ग्रुपवर टाका: जमा एकूण, खर्च बाबवार, पावत्यांचे फोटो, शिल्लक. आठव्या दिवशी टाकलेल्या हिशेबाकडे लोक संशयानं पाहायला लागतात, मग तो कितीही चोख असो. शिल्लक आधी लिहिल्याप्रमाणेच खर्च करा आणि त्याची पावतीही टाका.

फोटोंची लिंक तीन दिवसांत. नाव-पत्ता-फोनची यादी ज्यांनी होकार दिला त्यांचीच, बाकीच्यांचं नुसतं नाव. जे सापडले नाहीत त्यांची नावं रोल नंबरासह वेगळी टाका, त्यातली दोन-तीन त्याच आठवड्यात कुणाला तरी सापडतात. जे पैसे भरून आले नाहीत त्यांना समितीतल्या एकानं फोन करा, आठवणीची वस्तू पोचवा, 'का आला नाहीस' विचारू नका.

तक्ता, वहीतली यादी आणि कॉलेजच्या पोचेची प्रत एका फाईलमध्ये घालून सांगलीत राहणाऱ्या दोघांपैकी एकाकडे ठेवा. फाईलवर कुणाकडे आहे ते नाव आणि दुसऱ्याचा फोन लिहा.